क्लच प्लेटवरची पाच बोटं

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९८३

आज आमचा टेम्पो घरी आला तो बैल जोडून. कालव्याच्या चढावर उभा राहिला. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. शेवटी शेजारच्या भागीबाईचे बैल लावले. भागीबाई मागून चालत होती आणि सगळ्या मखमलाबादला सांगत होती, "कुसाबाईचा टेम्पो आमच्या बैलांनी आणला." बैलांपेक्षा तीच जास्त दमली असेल.

ही वही नातीची, विमलची. दुसरीत आहे. अर्धी वही कोरी ठेवून नवी मागते. मी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हणजे तिच्यापेक्षा एक यत्ता पुढंच. भागीबाईला काही सांगितलं तर गावभर होतं. वहीला तोंड नाही, म्हणून वही बरी.

टेम्पो खंडूचा. माझा एकच मुलगा. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या, २१ तारखेला सहादू शेठच्या द्राक्षांची पहिली भरणी आहे. सगळ्या हंगामाचं काम ठरलंय. त्या सकाळी गाडी दारात गेली नाही तर शेठ दुसरी लावणार. खंडू जेवताना म्हणाला, "ह्या टायमाला चुकलं तर गाडी विकतो नि येवल्याला जातो."

येवला त्याच्या सासऱ्याचं गाव. व्याही कोंडाजी दोन वर्षं झाली मागं लागलाय, इथं एका पैठणीवाल्या शेठला डायवर पाहिजे, जागा पण देतो, या. खंडूनं मला विचारलं, "तू पण येशील ना आई?" पाव्हण्याला अजून एक पोळी घ्या म्हणतात ना, तसं विचारलं. आग्रह असतो, पण तव्यावर पोळी नसते.

मी व्याह्याच्या गावात जाऊन राहणार नाही. आणि इथं एकटी राहून काय भागीबाईचं तोंड बघू?

बुधवार, ९

पंचवटीतला केरू मिस्तरी सायकलवर येऊन बघून गेला. म्हणाला, "क्लच प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ती निघत नाय."

"मग उतरव की," खंडू म्हणाला.

"माझ्या दारात आठ गाड्या उभ्या हायेत. पंचवीस तारखेनंतर आणा."

खंडू डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात सून पुढं आली. यशोदा तिचं नाव, खंडू येसू म्हणतो. पदर खोचून मिस्तरीला विचारते, "दादा, उतरवायचं कसं ते सांगा ना." जशी काही पाककृतीच.

मिस्तरीला पण चेव आला. खाली शिरायला जागा पाहिजे, वरून धरायला दोर पाहिजे, हा लांब दांडा आधी काढा, मग ही वायर, मग हे गोल टोपासारखं आहे त्याचे बोल्ट. वजन सव्वा मणाच्या वर आहे, अंगावर घेऊ नका. येसू मान हलवत होती, सगळं गिळत होती. शेवटी म्हणाला, "आणि एक ध्यानात ठेवा वहिनी. नव्या प्लेटला तेलाचा थेंब लागता कामा नाय. तेल लागलं की ती घसरती."

मी म्हटलं, "केरू, यंत्राला तेल घालतात का तेलापासून लपवतात?"

"ह्या एका जागी नाय घालत, आजी."

त्याच्या मिशा माझ्या केसांपेक्षा पांढऱ्या. आजी म्हणतो. विहिरीच्या कप्पीला तीस वर्षं मी तेल दिलंय, शिवणाच्या मशिनीला दिलंय, दाराच्या बिजागरीला दिलंय. तेलानं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही.

शुक्रवार, ११

अंगणात खड्डा झाला. माझ्या अंगणात. डोकं येसूचं.

म्हणाली, "आमच्या येवल्याला माग खड्ड्यावर असतो. विणणारा पाय खाली सोडून बसतो, म्हणून दिवसभर कंबर दुखत नाही. गाडीखाली तसा खड्डा घेतला तर बसून काम होईल."

लग्नाला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत येवल्याला काय काय असतं हे मला इतकं सांगून झालंय की मी डोळे मिटून त्या गावात फिरेन. कोंडाजीच्या शेताला पाणी नव्हतं म्हणून तो दुसऱ्याच्या मागावर बसला, आता दोन माग त्याचे स्वतःचे. ही दहाव्या वर्षापासून मागावर बसलेली. असेल. मी दहाव्या वर्षी मोट हाकत होते, पण माझ्या मोटेचं कौतुक खंडूनं कधी बायकोला सांगितलेलं नाही.

आज मात्र खंडू म्हणाला, "येसू, डोकं लय चालतं तुझं."

दोघांनी दिवसभर खणलं. कडेला चिरे रचून त्यावर गाडीची चाकं चढवली. भागीबाई कुंपणावरून ओरडली, "काय गं कुसाबाई, धान्याचं पेव खणता का?"

मी म्हटलं, "तुझं बोलणं साठवायला जागा करतोय."

शनिवार, १२

माझी बाज उसवली. मला विचारलं, पण सगळी नवार काढून झाल्यावर. म्हणे दोर लोखंडावरून घसरतो, नवारीची पट्टी रुंद असते, घसरत नाही. हे पण येवल्याचंच असेल. मी खाली झोपते आहे.

आज गिअरबॉक्स उतरला. गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून सागाचा वासा आडवा घातला, खाली गोधडीची घडी. वाशाला विहिरीची कप्पी बांधली. सीटांच्या मधे तळाला झाकण असतं, त्यातून नवार खाली सोडून गिअरबॉक्सच्या पोटाखालून घेतली. दोर कप्पीवरून बाहेर आणून कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे दिले. दोर सैल करायला कोण? मी उभीच होते. मोटेचा नाडा ज्या हातांनी सोडला त्यांना हे काय अवघड? पण खंडूनं भागीबाईच्या नवऱ्याला बोलावलं, चंदरला.

"आई, तुझं वय झालं. तू चहा टाक."

टाकला. त्यात साखर घातली नाही.

खंडू आणि येसू खड्ड्यात. एकेक बोल्ट निघत होता. बोल्टाला तेलकट मळ, हातातून निसटायचा. येसूनं चुलीतली राख बोटांना लावली. मागावर तुटलेला धागा जोडताना अशीच राख लावून पीळ देतात म्हणे. आणि निघालेला प्रत्येक बोल्ट दोऱ्यात ओवून ठेवला, पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, म्हणजे ज्याचा त्याच्या जागी जाईल. मलाही हे सुचलं असतं. कुणी विचारलं तर सुचतं ना.

"आता सोडा, हळू!" खंडू खालून ओरडला.

चंदरनं हळू सोडला आणि मग पटकन सोडला. शेवटचा वीतभर गिअरबॉक्स भुशाच्या पोत्यावर धप्पदिशी पडला. येसूचा हात बोटभर अंतरानं वाचला. खंडूनं आधी तिचा हात उलटा-पालटा करून बघितला, मग गिअरबॉक्स बघितला. दोन्ही शाबूत.

हिशोब लिहून ठेवते. आज खंडूनं येसू म्हणून एकवीस वेळा हाक मारली. आई म्हणून दोनदा. त्यातली एक चहाची आणि एक, "आई, बाजूला हो."

सोमवार, १४

दोघं टेम्पोचं सामान आणायला नाशकात गेले, मेनरोडला. पूर्वी गाडीचं काही आणायचं असलं की खंडू मला घेऊन जायचा. दुकानदार भाव करायला लागला की मी बोलायची. आज ही गेली. येताना तिच्या डोक्यात मोगरा.

मला मोगऱ्याचं काही नाही. माझ्या डोक्याला आता काही माळायचं नाही. पण विमलला आणायचा होता एखादा गजरा.

मंगळवार, १५

जुनी प्लेट काढली. पुऱ्या तळायच्या झाऱ्याएवढी गोल, झिजून नुसते खिळे वर आलेले. नवी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवली आहे. येसूनं सगळ्यांना बजावलं, "हिला कुणी हात लावू नका हं. आत्याबाई, तुम्ही पण." माझ्या घरात, माझ्या फडताळात, मला.

घरात नवी सुई आली तरी मी आधी देवापुढं ठेवते. टेम्पो आला तेव्हा त्याच्या नाकावर मी पाच बोटं उठवली, तेव्हापासून सात वर्षं एक ओरखडा नाही. ही प्लेट मात्र दुकानातून आली ती थेट फडताळात. ना नारळ, ना हळद. मी जेवताना तसं म्हटलं तर खंडू म्हणतो, "आई, ते नंतर बघू, येसूला विचार कधी बसवायची." देवाचं पण आता येसूला विचारायचं.

दुपारी दोघं खड्ड्यात होती. मी प्लेट काढली. किती सुरेख वस्तू, कोरी करकरीत, पण खरखरीत, कुत्र्याच्या जिभेसारखी. देवापुढं पाटावर ठेवली. कुंकू गोडेतेलात कालवलं आणि दोन्ही अंगांना पाच-पाच बोटं उठवली. हळद वाहिली. म्हटलं, बाई गं, आमची गाडी २१ तारखेला चालू दे, माझा पोरगा ह्या गावातच राहू दे.

मग वाटलं, येसू बघेल आणि दहा प्रश्न विचारेल. म्हणून फडक्यानं पुसली. कोरड्या फडक्यानं कुंकू निघेना, तेव्हा फडकं तेलात बुडवून पुसली. अशी तकतकीत झाली, खरखर सुद्धा गेली. परत कागदात ठेवली. हे कुणाला सांगायचं नाही. देवाचं आहे, आणि माझं.

बुधवार, १६

प्लेट बसली. ती बरोबर मध्यावर बसावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. मिस्तरीकडं त्याला जुना दांडा असतो. आमच्याकडं माझं लाटणं. येसूनं लाटण्याच्या टोकाला धागा गुंडाळला, घालून बघितलं, परत चार वेढे दिले, परत बघितलं. केस शिरणार नाही असं घट्ट झालं तेव्हा म्हणाली, "आता आवळा." लाटणं काढून घेतल्यावर भोक अगदी मध्यावर.

प्लेट हातात घेतल्यावर ती क्षणभर थांबली होती. "केवढी चमकते ही," म्हणाली. खंडूचं लक्ष बोल्टांत होतं. म्हणाला, "नवी हाय, चमकणारच. दे लवकर."

मी पोळ्या बाटलीनं लाटत होते. त्या चौकोनी झाल्या. कुणी बोललं नाही.

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स वर चढला. आता खंडूनं चंदरला दोर धरू दिला नाही, दोर त्यानं स्वतः ओढला आणि येसू एकटी खाली राहिली. पहिल्याच खेपेला दांडा आत गेला. खंडू खड्ड्यात उडी मारून उतरला आणि दोघं तिथंच हसत बसली. वरून मला फक्त हसणं ऐकू येत होतं.

गुरुवार, १७

सकाळी खंडूनं गाडी चिऱ्यांवरून उतरवली. मी नारळ फोडला. गाडी निघाली, वेशीपर्यंत गेली. मला वाटलं, देव आहे.

कालव्याच्या चढावर परत तेच. इंजिन ओरडतंय, गाडी उभी. वर करपल्याचा वास. भागीबाईचे बैल परत आले. ह्या खेपेला ती काही बोलली नाही, म्हणजे बघा किती वाईट दिसत असेल.

खंडू अंगणात येऊन येसूवर उसळला. मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

"प्लेट तुझ्याकडं दिली होती! हात धुतले होते का तू?"

"तीनदा धुतले. साबणानं."

"मग तेल कुठून आलं? ही घसरतेय म्हणजे तेलच हाय. तू राख काय, भुसा काय, कशाकशाला हात लावत होतीस!"

ती वळली. विमलला घेऊन आत गेली.

मी काही सांगितलं नाही. मला विचारलं कुठं कुणी? शिवाय पाच बोटांना लागलेलं तेल ते किती. फोडणीला पण पुरणार नाही.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो तिला माझ्यासमोर बोलला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलं पण.

शुक्रवार, १८

भाजी आणते सांगून पंचवटीत गेले, केरू मिस्तरीकडं. म्हटलं, सहज विचारते, समज कुणाच्या हातून त्या प्लेटला थोडं गोडेतेल लागलं, तर?

"थोडं म्हणजे?"

"पुसण्यापुरतं."

तो असा हसला की त्याच्या हातातला पाना पडला. "मग आजी, गाडी कशाला चालवता? त्यावर भजी तळा."

मी उठले. तो हसायचा थांबला आणि मागून म्हणाला, "लागलं असंल तर परत खोलायला लावा. पेट्रोलनं धुवा, काचकागदानं घासा, उन्हात टाका. नशीब असलं तर धरंल." माझ्याकडं बघत होता. मी भाजी न घेताच घरी आले.

घरी आले तर खंडू पोस्टकार्ड लिहीत होता. कोंडाजीला. "गाडीचं काही खरं नाही, शेठला विचारून ठेवा, मी येतो." येसू दारात उभी राहून म्हणाली, "अजून तीन दिवस आहेत. परत खोलू."

"खोलून काय बघायचं? तू काय करून ठेवलंस ते?"

"हो. तेच बघू."

खंडूनं कार्ड खिशात ठेवलं. टाकलं नाही अजून.

मी इतकी वर्षं गावाला तोंड दिलंय, सावकारासमोर बोललेय, तलाठ्यासमोर बोललेय. आणि आज चार शब्द निघत नाहीत. येसूनं नाही, मी केलं. पण हे मी बोलले की खंडू तिच्याकडं जाईल, माफ कर म्हणेल, आणि मग माझ्याकडं कसा बघेल? आणि नाही बोलले तर खिशातलं कार्ड आहेच.

शनिवार, १९

आज परत उतरवला. खंडू सकाळी चंदरला हाक मारायला निघाला. मी निंबाखाली गेले आणि दोराचे वेढे हातात घेतले.

"आई, सोड ते."

"तू खाली उतर. मी मोट हाकलेली आहे, चंदरनं नाही."

त्यानं येसूकडं बघितलं. येसू म्हणाली, "धरू द्या आत्याबाईंना." तिची परवानगी मिळाली मला!

दोर सोडताना तो हातातून जाऊ द्यायचा नसतो, झाडाला सोडू द्यायचा असतो. वीत, मग थांब. वीत, मग थांब. गिअरबॉक्स पोत्यावर असा टेकला की भुसा वाजला नाही. खालून खंडू म्हणाला, "शाबास, आई." मला नको होती ती शाबासकी, आत्ता नको होती.

प्लेट निघाली. काळी झालेली, तव्यासारखी. येसूनं ती हातात घेतली, खड्ड्यातच उन्हाकडं धरली. मी काठावर उभी होते. प्लेटला बारीक खड्डे असतात, त्यात खिळे बसवलेले असतात. त्या खड्ड्यांत लाल होतं. तेलात कालवलेलं कुंकू मी कशातूनही ओळखते. तिनंही ओळखलं. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दाळ शिजली का बघतात, तसं बघितलं.

खंडू म्हणाला, "काय हाय ते लाल?"

"कुंकू," येसू म्हणाली. "माझंच असेल. घामानं कपाळावरून ओघळलं असेल, आणि वेणीचं तेल पण लागलं असेल. तुम्ही म्हणत होता ते खरं. माझ्याच हातून झालं."

खंडूनं प्लेट हातात घेतली. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "जाऊ दे. मी पण लय बोललो तुला." आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यासमोर.

मी वर उभी, आणि माझ्या अंगाचा असा भडका उडाला. खड्डा तिचा, नवार तिची, गाठी तिच्या, लाटणं माझं तरी युक्ती तिची. एवढं सगळं घेतलं ते घेतलं. आता माझी चूक पण हिनंच घ्यायची? आणि तिच्यावर शाबासकी पण हिलाच?

मी ओरडले, "तिचं नाही ते! माझं आहे. मी पूजा केली. दोन्ही अंगांना पाच-पाच बोटं. आणि पुसली पण मी, तेलाच्या फडक्यानं. तिच्या कपाळावर एवढं कुंकू मावत तरी का?"

भागीबाई कुंपणाशी होतीच. ऐकू दे म्हटलं, ऐकू दे.

खंडू खड्ड्यातून वर बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "तू कशाला अंगावर घेतलंस मग?"

ती म्हणाली, "तुम्ही मला चार दिवस बोलला असता आणि विसरला असता. आत्याबाईंशी तुम्ही बोलणं टाकलं असतं. मग त्यांनी तो राग कुणावर काढला असता? माझ्यावरच."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला फार लागलं.

खंडू वर आला. मला वाटलं आता बोलेल. त्यानं पेट्रोलचा डबा आणि काचकागद माझ्यापुढं ठेवला. "पुसायची हौस हाय ना तुला? पूस." तोंडावर हसू नव्हतं, पण राग पण अर्धाच होता. खिशातून ते कार्ड काढून त्यानं त्याची सुरळी केली आणि मळ काढायला वापरली.

रविवार, २०

काल संध्याकाळपर्यंत घासली, आज सकाळी परत घासली. बोटांची कातडी गेली. येसू मध्ये एकदा येऊन बसली, प्लेटवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अजून थोडी." मी म्हटलं, "कळतंय मला." अजून थोडी घासली. तिचं बरोबर होतं, पण ते तिला सांगितलं नाही. उन्हात पत्र्यावर टाकली. पुन्हा कुत्र्याच्या जिभेसारखी झाली तेव्हा येसूच म्हणाली, "आता बसवू."

येसू खड्ड्यात, खंडू खड्ड्यात, दोर माझ्याकडं. "आई, वीतभर." "आई, थांब." "आई, अजून." मोजायचं राहून गेलं.

दुपारी कालव्याचा चढ चढली. वास आला नाही.

सोमवार, २१

पहाटे गाडी सहादू शेठच्या दारात. पेट्या भरल्या. खंडू निघताना येसूला म्हणाला, "चल तू पण, वाटेत काही वाजलं तर तुला कळंल." ती गेली. पुढच्या सीटवर.

मला काही वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं. भागीबाई विचारत होती, गाडी दुरुस्त कुणी केली. मी सांगितलं, आम्ही केली.

गुरुवार, २४

दुपारी कोंडाजी एस.टी.नं आला. खंडूचं बरेच दिवस पत्र नाही म्हणून बघायला आला. अंगणात येऊन उभा राहिला, गाडी नाही, नुसता खड्डा. त्याचं तोंड उजळलं. म्हणाला, "विकली का विहीणबाई?"

म्हटलं, "द्राक्षं घेऊन गेलीय. बसा."

मग त्याला सगळं सांगितलं. चहा गार झाला तरी सांगत होते. खड्डा कसा खणला, बोल्ट कसे ओवले, लाटण्याला धाग्याचे किती वेढे दिले. पूजेचं तेवढं सांगितलं नाही, ते घरातलं आहे. कोंडाजी मान हलवत म्हणाला, "मागावर शिकली पोर माझी. लहानपणापासून हात असा."

मला राग आला. म्हटलं, "कोंडाजी, तुमच्या मागावर धागे असतात. सव्वा मणाचं लोखंड तिनं तुमच्याकडं उचललं होतं का? खाली बसून, वर जीव टांगून? ते इथं आल्यावर. तुमच्याकडं होती तोवर तुम्हाला कळलं तरी का, तिच्या हातात काय आहे?"

त्यानं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "बरं, दमली असंल पोरगी. आठ दिवस माहेरी न्यावी म्हणतो. उद्याच्या गाडीनं."

"आणि इथं टेम्पो कोण बघणार?"

"खंडेराव हायेत की."

"खंडूला काय कळतंय? त्याला चमकलेली प्लेट हातात घेऊन कळलं नाही. तिला कळलं होतं." मी उठून कपबशी उचलली. "हंगामात नाही जमायचं. होळीला पाठवते."

तो खूश होऊन गेला. कुठल्या होळीला ते मी सांगितलं नाही.